लॅब नंबर दोनचं घरगुती लिनक्स

आमच्या लॅबच्या कपाटात बंद पडलेले कीबोर्ड साठलेत, तसे माझ्याकडे किस्से. दोन्ही फेकवत नाहीत. त्यातले निम्मे तर एकाच सेमिस्टरचे.

मी चिखलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट. तपासणी समिती येणार होती. तिला दाखवायला 'कॉलेजनं स्वतः बनवलेलं लिनक्स' असावं, असं विभागप्रमुख खेडेकर सरांच्या मनात आलं. म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम तयार आणून टाकायची नाही. सोर्स कोड आणायचा आणि एकेक भाग कंपाइल करत, म्हणजे मशीनला चालवता येईल असा करत, सगळी उभी करायची. बाजारचे पापड न आणता उडीद दळण्यापासून सुरुवात! सरांनी ठरवलं आणि काम प्रतिभा मॅडमकडे दिलं. मॅडम उंद्रीच्या, तासिका तत्त्वावर शिकवायच्या. "समिती खूश झाली की तुमच्या कायम नोकरीचं बोलतो," असं सर म्हणाले होते.

*

पहिल्याच दिवशी कंपाइल अडलं. स्क्रीनभर शेकडो ओळी. सरांनी चष्मा लावून शेवटची ओळ वाचली, "एरर टू. म्हणजे दोन चुका आहेत. एक मी शोधतो, एक तुम्ही शोधा."

मॅडम शांतपणे स्क्रीनवरच्या ओळी सरकवत वर जात राहिल्या. "सर, शेवटची ओळ म्हणजे नुसती बोंब असते. चोरी वर झाली आहे."

वर पाहिलं तर एक छोटा प्रोग्राम आधी टाकायचाच राहिला होता. काय काय टाकायचं, ती यादी सरांनीच केली होती.

सर म्हणाले, "पाहा, एकच निघाली."

*

एकदा मॅडम वर्गावर असताना सरांनी घाई केली. एकेक फाइल कशाला, सगळ्याच एकदम कंपाइल कर, अशी कमांड दिली. मशीन गोठलं. माउसही हलेना.

आमचे शिपाई गणेशभाऊ धाड गावचे. ते फडकं घेऊन उभे होते. म्हणाले, "सर, एका जीपमध्ये अख्खा बाजार बसवला तं जीप निघन का?"

"तुले काय समजते बे? प्रोसेसिंग सुरू आहे."

तास संपवून मॅडम आल्या, बटण दाबून मशीन बंद केलं, परत सुरू केलं आणि चार-चार फाइली सोडल्या. जीप निघाली.

*

मग एका मशीननं वेगळाच हट्ट धरला. आत्ता बनवलेली फाइल आधीच्या फाइलींपेक्षा जुनी कशी, म्हणून ते पुढंच जाईना. आतल्या घड्याळाचा सेल मेला होता, त्यामुळं तारीख पंधरा-वीस वर्षं मागं गेली होती.

मॅडमनी नवा सेल मागितला. सर अगदी गंभीरपणे म्हणाले, "तारीख मागं असली तं काय झालं? आपला सिलॅबसही तितलाच मागं आहे. कोणाचं अडलं का?"

सेल मॅडमनीच बसस्टँडवरच्या घड्याळवाल्याकडून आणला.

*

सिस्टीम पहिल्यांदा सुरू केली, तेव्हा नेमके प्राचार्य आले. स्क्रीनवर 'कर्नल पॅनिक'. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा. त्याला डिस्क सापडली नव्हती, एवढंच.

"पॅनिक कोणी केलं?" प्राचार्यांनी विचारलं. "समिती येऊन राह्यली आणि तुम्ही पॅनिक करता?"

दुसऱ्या दिवशी मॅडमला मेमो आला : लॅबमध्ये घबराट पसरवल्याबद्दल खुलासा करावा.

मॅडमनी खुलासा लिहिला, "डिस्क ओळखणारा 'ड्रायव्हर' प्रोग्राम घ्यायचा राहिला होता. आता घेतला आहे. घबराट निवळली आहे."

*

समिती आली. लॅबमध्ये खुर्च्या मोजक्याच; त्यावर समिती, प्राचार्य आणि सर. आम्ही भिंतीला टेकून. सरांनी भाषण केलं : मी ठरवलं, मी उभारलं, मी अडचणी सोडवल्या. मॅडमचं नाव नाही. त्या खाली बघत होत्या.

सरांनी मशीन सुरू केलं. आता, गाभा कोणी कंपाइल केला त्याचं नाव लिनक्स स्वतःच टिपून ठेवतं आणि सुरू होताना अगदी वरच्या ओळीत दाखवतं. सरांना हे माहीत नव्हतं.

समितीतल्या एका वयस्क बाईंनी वाचलं, "ही प्रतिभा कोण?"

सर हसून म्हणाले, "मॅडम, ही आमच्या कॉलेजची प्रतिभा."

चहाचा ट्रे धरून उभे असलेले गणेशभाऊ म्हणाले, "हाव. ते काय, मांगं उभी हाय. तिले खुर्ची नाही भेटली."