उद्या सकाळी कोन काय करनार?

आपा सरकारी परिपत्रकं शिवून ठेवायच्या. शिवून म्हणजे खरोखरच शिवून. दाभणात काळा दोरा ओवायचा, कागदाच्या डाव्या कडेला तीन टाके घालायचे आणि नवं परिपत्रक मागच्याला जोडून टाकायचं. दवाखान्यात स्टेपलर होतं, टाचण्या होत्या, माझ्या आग्रहानं आणलेली प्लास्टिकची रंगीत फाईलही होती. तिच्यात आपा बडीशेपेच्या पुड्या ठेवत. "टाचणी गंजती बेटा," त्या म्हणत, "आन् कागद नेमका कामाच्या ओळीवर फाटतो." त्यांचे वडील मुखेडच्या बाजारात कपडे शिवायचे. दोन भाऊ त्या धंद्यात गेले, आपा नर्सिंगला आल्या, पण हातातली सुई काही सुटली नाही.

मुखेड तालुक्यातल्या एका लहान आरोग्य केंद्रात त्या आरोग्य सहायिका होत्या. नाव दुसरंच होतं, पण डॉक्टरसाहेबांपासून गेटवरच्या मारोतीमामांपर्यंत सगळे त्यांना आपाच म्हणत. कर्करोग तपासणीच्या कामासाठी कंत्राटी नर्स म्हणून मी तिथं रुजू झाले तेव्हा त्यांच्या नोकरीची शेवटची चार वर्षं उरली होती. मी लातूर शहरात वाढलेली, टॅबवर भराभर बोटं चालवणारी. मला वाटलं होतं, या बाईंना आता मीच काय ते शिकवणार.

वरून नवी सूचना आली की शनिवारी दुपारी आपा ती वाचत. वाचताना उभ्या राहत, बाकी सगळ्यांनी बसायचं, डॉक्टरसाहेबांनीसुद्धा. मारोतीमामांना बसवण्याचं कारण मी एकदा विचारलं. "बाई पहिल्यांदा गेटवर येती," आपा म्हणाल्या, "तिथंच त्यानं 'आज न्हाई, उद्या या' म्हनलं तर तू आत टॅब घेऊन कुनाची वाट बघनार?" मारोतीमामा तेव्हापासून माझ्याकडं जरा वरच्या नजरेनं बघायला लागले.

वाचून झालं की चष्मा कपाळावर चढवून त्या विचारायच्या, "हाव, समदं खरं. पन उद्या सकाळी कोन काय करनार?" याचं उत्तर मिळेपर्यंत चहा आत यायचा नाही. 'संशयित लाभार्थ्यांचा पाठपुरावा करून यथोचित कार्यवाही करावी' असं काहीतरी त्या कागदात असायचं. आपा त्यातला एकेक शब्द सोलून काढत. पाठपुरावा म्हणजे कोणी जायचं? कुठल्या गावाला? किती वाजताच्या गाडीनं? एकदा डॉक्टरसाहेब घाईत म्हणाले, "आपा, करू की आपण सगळे मिळून." आपा म्हणाल्या, "साहेब, सगळे मिळून म्हंजी कोनीच न्हाई. नाव सांगा." साहेबांनी मुकाट्यानं स्वतःचं नाव सांगितलं.

बायकांना तपासणीला बसवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. खोलीच्या खिडकीला त्यांनी स्वतः शिवलेला जाड पडदा होता आणि दाराच्या आतून दुसरा. दार उघडलं तरी बाहेरच्याला काही दिसायचं नाही. तपासणी चालू असताना त्या बाईशी सासूच्या, म्हशीच्या, पोरांच्या शाळेच्या गप्पा मारत, आणि बाई उत्तर देता देता विचारायची, "झालं बी?" पुरुषांची तोंडं तपासताना मात्र दयामाया नसायची. "मामा, आ करा. आजून मोठा. सरपंचाम्होरं करताव तेवढा तरी करा." आणि गालाच्या आत बॅटरी मारून, "ही गुटख्याची पुडी आता माझ्याजवळ ठिवा आन् घरी जा." त्यांच्या टेबलाचा खालचा खण असल्या जप्त पुड्यांनी भरलेला असायचा.

माझं आणि त्यांचं वाजायचं ते मोबाईलवरून. सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवर आली की मी अंगठ्याचं चित्र टाकून मोकळी व्हायची. आपांकडं लहान बटणांचा फोन. "ग्रुपवर आलंय आपा, सगळ्यांनी बघितलंय," मी म्हणायची. "बघितलं म्हंजी पोचलं का गं?" त्या विचारायच्या. मला वाटायचं, नवं शिकायचा कंटाळा, दुसरं काय. लातूरच्या मैत्रिणींना मी आपांची नक्कल करूनही दाखवली होती. आज त्याची लाज वाटते.

नागपंचमीच्या आठवड्यात शिबिर ठेवायची कल्पना आपांचीच. लेकी माहेरी आलेल्या असतात, कामाचा रेटा नसतो, आणि सासरी ज्या तपासणीचं नाव काढता येत नाही ती आईच्या गावी होऊन जाते. कल्पना नामी होती. त्या वर्षी बायकांची रांग पडवीबाहेर गेली. गर्भपिशवीच्या तोंडाचा नमुना घ्यायचा, तो जिल्ह्याला पाठवायचा आणि अहवाल आला की कळवायचं, अशी तेव्हा पद्धत होती. कळवायचं काम माझं. अहवाल आले, मी फोन केले आणि टॅबमध्ये प्रत्येक नावापुढं 'कळवले' अशी खूण केली. एका दुपारीत काम संपलं म्हणून मी स्वतःवर खूश होते.

संक्रांतीच्या सुमाराला नवं परिपत्रक आलं. अहवालात दोष निघालेल्या बायकांबाबत आता 'कळवले' एवढं पुरेसं नव्हतं, बाई पुढच्या तपासणीला प्रत्यक्ष पोहोचली का ते नोंदवायचं होतं. आपांनी ते उभं राहून वाचलं, चष्मा कपाळावर चढवला, पण नेहमीचा प्रश्न विचारला नाही. "बेटा," त्या म्हणाल्या, "पंचमीच्या शिबिरातल्या वाईट रिपोर्टवाल्या बायांची नावं वाच."

पाच नावं होती. चौघी येऊन गेल्या होत्या. पाचवी सविता. वय एकतीस. पुढं 'कळवले'.

"कुनाला कळवलं?"

"फोन केला होता आपा. लागला होता."

"उचलला कुनी?"

भावानं उचलला होता. शिबिरात सवितानं माहेरचं नाव आणि माहेरचा फोन दिला होता, तिच्याजवळ स्वतःचा फोनच नव्हता. "ताईला दवाखान्यात पाठवा, रिपोर्टसाठी," असं मी म्हणाले होते आणि तो "बरं" म्हणाला होता. त्या 'बरं'वर मी खूण केली होती. तोपर्यंत पंचमी सरून सविता सासरी गेली असणार, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मारोतीमामांनी आणलेला चहा तसाच परत नेला. पाच महिने झाले होते. तो अहवाल कसला आहे ते मी आता पहिल्यांदा नीट वाचलं.

मला वाटलं, आता आपा सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढणार. त्या म्हणाल्या, "चूक पहिली माझी. माहेरी शिबिर घेतलं आन् सासरचा पत्ता इचारला न्हाई. उद्या सकाळी तू आन् मी, सातच्या गाडीला."

माहेरी सविताची आई अंगणात तूर पाखडत होती. आम्हाला बघून तिच्या हातातलं सूप थांबलं. आधी म्हणाली, फोनच आला नव्हता. मग म्हणाली, आला होता पण काही सांगितलं नाही. आपा तिच्याशेजारी खाली बसल्या आणि तुरीतले खडे वेचायला लागल्या. थोड्या वेळानं बाई आपसूक बोलली. "लेकानं सांगितलं व्हतं मला. म्याच त्याला गप बसवलं. सासरी कळलं तर म्हनतील, रोगी लेक गळ्यात बांधली. दोन पोरं हायत तिला. हाकलून दिली तर कुठं जाईल?" आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला तिचा राग यायला हवा होता, आला नाही. तिनं लेकीला वाचवायलाच तसं केलं होतं.

"तुमचं नाव कुठंच येऊ देत न्हाई," आपा म्हणाल्या. "पत्ता द्या."

सासरचं गाव औशाजवळ. मुखेडहून लातूर, लातूरहून औसा, तिथून पुढं वडापची जीप. एवढ्या वाटेत आपा मला एक शब्द रागावून बोलल्या नाहीत. उलट स्वतःच्या डब्यातली धपाटी दिली. "खा. तिथं उपाशी पोटानं रडशील," म्हणाल्या. जीपमध्ये मात्र त्यांनी मला एक वाक्य पाठ करायला लावलं. मी ते मनातल्या मनात घोकत बसले.

सविता रानात गेली होती. सासू दारातच भेटली, उंच, कडक नजरेची. मी घोकलेलं वाक्य म्हटलं, "पंचमीच्या शिबिरात तुमच्या सूनबाईंची तपासणी झाली होती. पुढच्या तपासणीचा निरोप आमच्याकडून राहून गेला. चूक आमचीच आहे."

"पाच म्हैने झोपला व्हताव का?" सासू कडाडली.

उत्तर आपांनी दिलं. "हाव. झोपलो व्हतो. आता जाग आली म्हनून आलाव."

असं उत्तर त्या बाईला कुठल्या सरकारी माणसानं आजवर दिलं नसावं. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि नातवाला रानात धाडलं. सविता आली ती धापा टाकतच. आपा तिला गोठ्याकडं बाजूला घेऊन गेल्या. मी लांबून बघत होते. आधी सविता मान हलवत होती, मग तिनं आपांच्या खांद्यावर डोकं टेकलं. तीन महिन्यांपासून अंगावरून जात होतं आणि ती कुणाला बोलली नव्हती.

तिला पुढं काय करायचं हे तिच्याच तोंडून सासूला सांगायला लावून आपांनी तिथंही विचारलं, "तर मग, उद्या सकाळी कोन काय करनार?" नवरा घरात नव्हता, सविता जमिनीकडं बघत होती. सासूनं तिच्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, "म्या नेते लातूरला. माझं पोरगं राहू दे रानात, त्याला काय कळतंय यातलं." आणि जाताना जीपपर्यंत येऊन, हळूच आपांना विचारलं, "तपासनी म्हाताऱ्या बाईची बी करतेत का?"

लातूरच्या मोठ्या दवाखान्यात निदान झालं. कर्करोग अजून झाला नव्हता, पण त्याची सुरुवात म्हणावी असे बदल होते. लहानसं ऑपरेशन झालं. आणखी वर्ष-दोन वर्षं अशीच गेली असती तर सांगता आलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यावर बसून मनसोक्त रडले. आपांनी त्याही दिवशी बांधून दिलेली धपाटी खाल्ली नव्हती.

पुढच्या शनिवारी आपांनी मला एक कोरा कागद दिला. घडलं ते लिही, नावं घालू नको, आणि पुढं काय करायचं तेही लिही, असं म्हणाल्या. फोन कुणाचा ते विचारायचं, सासरचा पत्ता विचारायचा, निरोप बाईलाच द्यायचा, आणि 'बरं' ऐकून खूण करायची नाही. मी लिहिलं आणि उभं राहून वाचलं. वाचताना दोनदा अडखळले. आपांनी दाभण काढलं आणि सरकारी परिपत्रकाच्या खाली माझा कागद शिवून टाकला. "समदं वरूनच यायला पायजे असं कुठं हाय?" त्या म्हणाल्या. माझं नाव त्यांनी वर कुणाला कळू दिलं नाही, माझ्या करारावर शेराही येऊ दिला नाही.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा शाल, नारळ, भाषणं झाली. शेवटी बोलायला उठल्या आणि म्हणाल्या, "समदे लई चांगलं बोलले. आता उद्यापासनं शनिवारचं वाचन कोन करनार, त्याचं नाव सांगा." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. शिवलेल्या परिपत्रकांचा गठ्ठा आणि दाभण त्यांनी माझ्या हातात ठेवलं. नंतर दरवर्षी पंचमीला सविता माहेरी आली की केंद्रात डोकावायची, आपा नाहीत म्हटल्यावर मुखेडला त्यांच्या घरी जाऊन भेटून यायची.

या उन्हाळ्यात आपा गेल्या. हृदयाचा झटका, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. मला ते ग्रुपवर कळलं. फोटो होता, खाली एकाखाली एक जोडलेले हात. मीही हात जोडलेलं चित्र टाकलं आणि फोन बाजूला ठेवला. मग सविताची आठवण झाली. ती काही ग्रुपवर नव्हती. आता तिच्याजवळ स्वतःचा फोन आहे, नंबरही माझ्याकडं आहे. मी तो काढला, लावायला बोट नेलं आणि थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातची गाडी धरली.

तिच्या सासरी पोचले तेव्हा ऊन रणरणत होतं. दारात सविताच होती. मला बघून आधी हसली, मग माझा चेहरा बघून तिचं हसणं गेलं. "आपा गेल्या," मी म्हणाले. ती उंबऱ्यावरच बसली. मी तिच्याशेजारी बसले आणि दोघी रडलो.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं डोळे पुसले. "येवढ्या उन्हात कशाला आल्या ताई?" ती म्हणाली. "फोन करायचा व्हता की."

आतून सासू पाण्याचा तांब्या घेऊन आली. थकली होती, पण आवाज तोच. "आपाच्या हाताखालची हाय ती," म्हणाली. "ती कशाला फोन करती?"