वरच्या खोलीतली ट्रेनीताई

आमच्या वरच्या खोलीत एक मुलगी राहायची, ती दर तीन महिन्यांनी बदलायची. म्हणजे मुलगी तीच बरं का. पाठीवरची लाल सॅक तीच, जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरणं तेच. पण उतरून खाली येणारी बाई दर वेळी वेगळी. आधी तीन महिने ती दिसेल त्याला प्रश्न विचारत सुटली. पुढचे तीन महिने दिसेल त्या वस्तूवर घोषवाक्य चिकटवत राहिली. मग इतकी गोड बोलायला लागली की मला संशय यायला लागला, आणि शेवटी उन्हानं रापून "लई तहान लागली काकू" म्हणत दारात उभी राहायची. नाव तिचं स्वाती. आता अकोल्याकडं मोठ्या हुद्द्यावर आहे, तिथं मॅडम म्हणत असतील. आमच्या सिडकोतल्या गल्लीत मात्र तिला कुणी स्वातीही म्हटलं नाही. ती ट्रेनीताई.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत मसाल्याची एक कंपनी आहे, तिथं ती एमबीए करून लागली होती. लागली म्हणजे अर्धीच लागली. वर्षभर पाहणी, जाहिरात, तक्रार आणि विक्री अशा चार विभागांत तीन-तीन महिने काम करायचं. वर्ष संपलं की ज्या विभागाला जो ट्रेनी पाहिजे असेल त्याला त्यांनी मागून घ्यायचं. याला कंपनीत 'मागणी' म्हणायचे. मागणी आली तर नोकरी पक्की, नाही आली तर घरी. तिनं हे समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अगं म्हणजे हा चार घरी दाखवायचा कार्यक्रमच झाला की, फक्त पोहे तेवढे नाहीत. ती हसली, पण तिच्यासाठी ते हसण्यावारी नव्हतं. परभणीला वडिलांचं झेरॉक्सचं दुकान. त्यांना तिनं शब्द दिला होता की एक वर्ष द्या, जमलं नाही तर परत येऊन गुपचूप बीएड करते. वडिलांनी बीएडची माहितीपत्रकं आणून दुकानाच्या खणात ठेवलीसुद्धा होती. प्रेमळ माणूस, पण तयारीत.

पहिल्या विभागात ती रमली तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "काकू, मला इथंच राहायला आवडेल असं साहेबांना सांगून ठेवू का?" मी ठामपणे नाही म्हटलं. मागितलं की माणसाचं मोल जातं, तू काम कर, काम बोलेल. हे मी काही पुस्तकात वाचलं नव्हतं. सासरी एवढ्या मोठ्या पंगतीत मी दुसरी भाकरी कधी मागितली नाही, आणि मला त्याचा मोठा अभिमान होता. तिनं माझं तंतोतंत ऐकलं. उलट आपल्या मनातलं कुणाला कळू नये म्हणून ती ज्या विभागात असेल तिथं पुढच्या विभागाचं कौतुक करत राहायची. मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं.

तर पहिला विभाग पाहणीचा. घरोघरी जाऊन फॉर्म भरून घ्यायचा. पहिली गिऱ्हाईक मीच. मसाला घरी कोण करतं? मी. विकतचा का घेत नाही? मी म्हटलं, कारण मी अजून जिवंत आहे. तिनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि पुढं साहेबांनी ते भर मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. त्या तीन महिन्यांत तिच्या तोंडात पर्यायच बसले होते. ताट पुढं आलं की म्हणायची, "काकू, आजची भाजी फार आवडली, आवडली, बरी, की नाही आवडली, कुठं खूण करू?" मी सांगितलं, पाचवा पर्याय लिही, मुकाट्यानं खाल्ली.

बाकीची ट्रेनी पोरं म्हणे कुठंतरी चहाच्या टपरीवर बसून मनानंच फॉर्म भरायची. ही पाय मोडेस्तोवर हिंडली. आमच्या शेजारच्या नजमाभाभींना तिनं विचारलं, मसाला तिखट वाटतो, कमी तिखट वाटतो, कसा वाटतो. भाभी म्हणाल्या, "मसाला अच्छाच है बेटी, पाकीट खुलता नइं. हात तेल के, दाँत से फाडना पडता." फॉर्ममध्ये पाकिटाचा प्रश्नच नव्हता. ट्रेनीताईनं समासात लिहिलं, आणि पुढच्या प्रत्येक घरी मसाल्याच्या आधी पाकीटच विचारलं. सहा महिन्यांनी कंपनीनं पाकिटाच्या कोपऱ्याला चीर पाडून दिली. भाभींनी ते पाकीट मला गच्चीतून वर करून दाखवलं, जणू पेटंट त्यांच्याच नावावर होतं.

जाहिरात विभागात गेली आणि आमचं घर बोलायला लागलं. मोटरच्या बटणावर चिठ्ठी, 'टाकी भरली, मोटर थांबली, काकू हसली.' फाटकावर, 'कडी लावा, गायीला बाहेर ठेवा.' चपला काढायच्या जागी काय होतं ते मी सांगत नाही, पण आमचे जावई ते वाचून दारातच परत फिरले आणि चप्पल सरळ करून आले. ऑफिसात मात्र तिची एका गोष्टीवरून वादावादी झाली. जाहिरातीतल्या बाईनं भरजरी साडी नेसून फोडणी द्यायची असं तिथं ठरत होतं. ही म्हणाली, अशा साडीवर तेल उडालं तर बाई हसेल का. मग चेहराच नको असं ठरलं, नुसते हात घेतले. पिठानं भरलेले, बांगड्या वर सरकवलेले. ती जाहिरात तिकडं सगळ्यांना आवडली असं ऐकलं. ट्रेनीताई तोवर साहेबांना विचारत होती की तक्रार विभागात फोनवर नेमकं काय बोलावं लागतं हो.

तक्रारीचे तीन महिने मी कधी विसरणार नाही. कुणी रस्त्यात विचारलं, काय गं, कुठं असतेस हल्ली, तर ही हसतमुखानं सांगायची, "तक्रारीत." दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांचं ऐकायचं. तो सूर घरी आला तरी जायचा नाही. आमच्याकडं पाण्याचा वार म्हणजे लग्नघर, आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी. एकदा ऐन वारी धार करंगळीएवढी. मी बडबड करायला लागले तर जिन्यावरून आवाज आला, "तुमची अडचण मी समजू शकते, काकू." मी म्हटलं, समजून ड्रम भरत नाही, बादली घेऊन खाली ये. आली, आणि अडचण समजून घेत अकरा बादल्या वाहिल्या.

एक आजोबा रोज फोन करायचे. तुमच्या मसाल्याला चव राहिली नाही, हीच तक्रार. बाकीचे लोक नोंद करून फोन ठेवायचे. हिनं विचारलं, आजोबा, मसाला तुम्ही घालता कधी? तर म्हणे पाणी उकळलं की वरून. बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेली आणि हे गृहस्थ आयुष्यात पहिल्यांदा चुलीपुढं. हिनं फोनवर त्यांना आधी कांदा परतायला लावला. तक्रार विभागाच्या मॅडम मागं उभ्या राहून ऐकत होत्या. चार दिवसांनी आजोबांचा फोन आला, आमटी जमली, तक्रार मागं घेतो, आणि बायको परत आली तर तिला सांगू नका की मी फोन केला होता.

शेवटी विक्री. सकाळी उठून हर्सूलवरून निघणारी गाडी धरायची आणि सिल्लोड गाठायचं. तिथं कंपनीचा माल घेणारे शकीलचाचा होते, तीस-चाळीस वर्षं त्याच धंद्यात. पहिल्या दिवशी त्यांनी तिला सांगितलं की बेटी, कुर्सीवर बस, चहा घे, सही कर आणि दुपारच्या गाडीनं जा, सगळे ट्रेनी असंच करतात. ही मालाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. मग काय, अजिंठ्यापर्यंतची गावं, आठवडी बाजार, चार फुटांची किराणा दुकानं. तिची भाषा बदलली, चाल बदलली. रविवारी आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात साबण आणायला पाठवली तर अर्धा तास आली नाही. जाऊन बघते तर दुकानदार पाठमोरा आणि ही फळीवरची दुसऱ्या कंपनीची पाकिटं मागं सारून आपली पुढं मांडतेय. दुकानदारानं न वळताच म्हटलं, "ताई, आरशात दिसतंय मला."

शकीलचाचांनी तिच्याबद्दल ड्रायव्हरला एक वाक्य सांगितलं होतं, ते तिनं मला लाजत लाजत सांगितलं. "ये लडकी बोलती कम, रुकती जादा." खरंच होतं ते. दुकानदार नको म्हणाला तरी ही निघायची नाही. वाद नाही, गळ नाही. त्याच्या गिऱ्हाइकांना सामान उचलून देत उभी राहायची. शेवटी तोच विचारायचा, बरं, काय काय आहे तुझ्याकडं.

वर्ष संपलं. शुक्रवारी यादी लागणार होती. मी सकाळीच शिऱ्यासाठी रवा काढून ठेवला. ती चार वाजताच घरी आली. दोन-दोन पायऱ्यांचा आवाज आला नाही म्हणून बाहेर आले, तर जिन्याच्या पहिल्याच पायरीवर सॅक मांडीवर घेऊन बसलेली. पाच ट्रेनींपैकी चौघांच्या नावापुढं विभाग लिहिले होते. हिच्या नावापुढं नुसती रेघ. माणसं नेमणाऱ्या साहेबांनी बोलावून घेतलं, पाणी दिलं, म्हणाले, चारही ठिकाणी तुझ्याबद्दल चांगलंच लिहिलंय, पण मागणी कुणीच घातली नाही. सोमवारी वर्ष पूर्ण केल्याचा कागद घेऊन जा.

ती मला एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं. म्हणाली, बाबांना रात्री नको, उद्या सकाळी सांगते. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. गुडघे दुखतात माझे, एरवी मी पायरीवर बसत नाही.

मी म्हटलं, "माझं ऐकून फसलीस तू. मागू नये हे मी शिकले, कारण मला मागायची भीती वाटायची. भीतीला मी शहाणपण म्हणत राहिले. तू सोमवारी जा आणि तोंडानं माग."

"आता यादी लागली, काकू."

"लागू दे. नाही म्हणाले तर कागद आहेच."

ती सोमवारी गेली. पुढचं तिनं मला संध्याकाळी सांगितलं, तेही उभ्यानंच, बसायला तयार नव्हती. आधी पाहणीच्या साहेबांकडं गेली. ते चकितच झाले, म्हणाले, अगं तू तर सारखी जाहिरातीबद्दल विचारायचीस, मला वाटलं तिकडंच जाणार. जाहिरातीचे साहेब म्हणाले, तक्रारीच्या मॅडम हाती आलेलं माणूस सोडत नाहीत, म्हणून मी नावच घातलं नाही. मॅडमनी तर कपाळावर हात मारला. तू रोज सिल्लोड-सिल्लोड करायचीस, मी म्हटलं विक्रीवाले नेणारच. म्हणजे तिन्ही घरी मुलगी पसंत, आणि प्रत्येकाला वाटलं दुसरीकडं ठरलंय. सगळ्यांना वाईट वाटलं, पण जागा भरून गेल्या होत्या.

"आणि काकू, गंमत सांगू?" ती म्हणाली. "तिन्ही दारांतून बाहेर पडले, मला रडू आलंच नाही. विक्रीच्या दाराशी मात्र दोनदा पोचून दोनदा मागं फिरले. तेव्हा कळलं, मला हेच पाहिजे."

विक्रीच्या साहेबांकडं एक जागा होती, सिल्लोडचीच. ती कुणालाच नको होती म्हणून रिकामी. साहेब म्हणाले, त्या पट्ट्यात मुलीला पाठवावं असं मी आपणहून कसं म्हणू. ही म्हणाली, "तुम्ही म्हणू नका साहेब, मी म्हणतेय. मला सिल्लोड द्या." साहेबांनी तिच्यासमोरच शकीलचाचांना फोन लावला आणि विचारलं, ही पोरगी चालेल का. चाचा तिकडून म्हणाले, "मैं समझा हेड आफिसवाले इसकू छोडते नइं. मेरेकू कोई पूछाच नइं साब. कलच भेजो."

त्या दिवशी शिरा झाला. शुक्रवारचा रवा तसाच होता.

आठ दिवसांत ती गेली. रोज जाऊन-येऊन करण्यासारखं काम नव्हतं ते, चाचांनी तिथल्या बसस्टँडजवळ एका मास्तरांकडं खोली बघून दिली. परभणीहून वडील सामान न्यायला आले, मला म्हणाले, बीएडची पत्रकं गिऱ्हाइकांच्या पाठकोऱ्या झेरॉक्सला कामी आली. मसाल्याच्या कंपनीतली ही मुलगी जाताना माझ्या काळ्या मसाल्याची बरणी घेऊन गेली, कंपनीत बोलू नका म्हणाली. मी फाटकाशी उभी होते. ये अधूनमधून, असं काहीतरी पुटपुटले. ती हो म्हणाली. गेली.

त्यानंतर दीड महिना ती आली नाही. फोन यायचे, कशा आहात काकू, मी मजेत म्हणायचे. खोली मी कुणाला दिली नाही, विचारायला आलेल्यांना रंग द्यायचाय म्हणून सांगत होते. रंग काही देत नव्हते. एक दिवस दुपारी भाकरी टाकता टाकता मला माझंच हसू आलं. त्या पोरीला चार-चार दारं ठोठावायला लावली, आणि आपण एका दारावर हात ठेवायला तयार नाही.

हात धुतले आणि फोन लावला. ती बाजारात होती, मागं भोंगे, गलका. मी कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही. म्हटलं, "मला तुझ्यावाचून करमत नाही. या शनिवारी तू यायचंस. मी मागतेय."

पलीकडं तिनं कुणाला तरी एवढी पाकिटं धरा म्हटलं. मग म्हणाली, "येते, काकू. पण मी पण मागू?"

माग म्हटलं. मग तिनं जेवायला काय काय पाहिजे ते सांगितलं. एक नाही, चांगले पाच पदार्थ सांगितले, आणि वर म्हणाली की थालीपीठ गरम पाहिजे, ती पोचल्यावरच टाकायचं.