लाईट नसताना झालेला चित्रकलेचा तास

करणी, बाधा, अंगात येणं... यातलं काहीही मी आयुष्यात मानलेलं नाही. केजच्या मुलींच्या शाळेत निवृत्तीपर्यंत इंग्रजी शिकवलं. अमावास्येची सबब सांगून कुणी गैरहजर राहिलं, तर पालकांना शाळेत बोलावून घेत असे. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कॅनडातली माझी नातवंडं, ईशान आणि सई, फोन करून विचारतील, "आजी, आर यू ओके?" मी अगदी ओके आहे. जे पाहिलं, ते क्रमाने लिहिते.

मुलांनो, तुमच्या आजोबांना अर्धांगवायू झाला होता हे तुम्हाला ठाऊक आहे. पाय सावरला, बोलणं सावरलं. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहायचा. त्यांना सगळ्यात जास्त काय लागलं असेल? शेत नाही, ट्रॅक्टर नाही — पंगत. चारचौघांत डाव्या हाताने जेवायचं नाही आणि मी भरवलेलंही चालायचं नाही. घरीसुद्धा ते आतल्या खोलीत एकटे जेवू लागले. नेकनूरला त्यांच्या पुतणीचं लग्न ठरलं. लहानपणापासून आमच्याच घरात वाढलेली मुलगी! तरी यांनी सांगून टाकलं, "तू जा. मी न्हाई येणार. लोकात बसून डाव्या हातानं जेवू का?"

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. "मी काय लेकरू हाय का?" म्हणून त्यांनी तो गल्लीतल्या पोरांना देऊन टाकला.

अशातच एका दुपारी टीव्हीवर तो कार्यक्रम लागला. तैलरंगात निसर्गचित्र काढायला शिकवायचे, अर्ध्या तासात एक चित्र. पांढऱ्या मिशांचे एक सर हिंदीतून सावकाश समजावून सांगायचे. आजोबा टक लावून बघत राहिले. शेवटी म्हणाले, "ह्येचे रंग कुठं मिळतेत?"

लातूरहून रंग, ब्रश, कॅनव्हास आणवले. रोज डाव्या हाताने चित्र सुरू झालं. रंगात घालायचं तेल संपलं, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातलं करडईचं तेल घातलं. मग काय, आठवडे गेले तरी चित्रं वाळेनात! भिंतीला टेकवलेल्या हिमालयावर चिलटं आणि कापसाचे तंतू चिकटले. मी कुरकुर केली, तर म्हणाले, "बर्फ पडलाय असं समज."

त्यानंतर आमच्या गल्लीचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला. नवा बसेपर्यंत लाईट नाही. घरी इन्व्हर्टर नाही. मी बाजारातून आले, तर समोर राहणाऱ्या जुबेदाभाभी आमच्या दारात पपई घेऊन उभ्या. त्यांच्या घरचा फळांचा गाडा आहे.

"बाई, आत बगा," त्या हळूच म्हणाल्या. "भाऊ टीव्हीसंगं बोलू लागलेत."

टीव्ही काळा होता. समोर आजोबा. "जरा थांबा सर... हां, आता होऊ द्या." आणि ब्रश — उजव्या हातात! बोटं थरथरत होती, पण ब्रश सुटत नव्हता.

"अहो, लाईट नाहीये."

"गप बस की! सर पुढं जातेत."

मी टीव्हीचा स्विच पाहिला. बंद. पंख्याचं बटण दाबलं. पंखा हलला नाही. जुबेदाभाभी "या अल्ला" म्हणाल्या. मी त्यांना खुणेने गप्प केलं आणि खुर्ची ओढून बसले.

चित्र पूर्ण झालं. धुक्यातलं तळं, पलीकडे निळा डोंगर, अलीकडे एक वाकडं झाड, बुंध्याशी लालसर दगड.

"आज सर चुकले," आजोबा म्हणाले. "फांदी काढताना ब्रश घसरला, रंग खाली आला. हसले अन् त्येचाच दगड केला. लई हुशार माणूस हाय." मग त्यांचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. "अगं... ह्यो कधी उठला?"

डीपी बसला, लाईट आली. दुपारी सरांनी नवं चित्र सुरू केलं. तळं. निळा डोंगर. वाकडं झाड. फांदी काढताना ब्रश घसरला. सर हसले, आणि त्या डागाचा त्यांनी दगड केला.

मी आजोबांचं चित्र आणून टीव्हीशेजारी धरलं. जुबेदाभाभींना हाक मारून बोलावलं, उगाच उद्या कुणी मला खोटं म्हणायला नको. आजोबा मात्र निवांत बसून होते.

"काढत का नाही तुम्ही?"

"माझं झालंय की. आज सुट्टी."

मी वाहिनीच्या ऑफिसला फोन केला. हा भाग आधी कधीच दाखवलेला नव्हता, असं तिथल्या मुलीने सांगितलं. आजोबांचा फोन साधा, बटणांचा. त्यावर असले कार्यक्रम दिसत नाहीत. डॉक्टर म्हणाले, असा हात कधीकधी उशिरानेही परत येतो. चित्राचं विचारलं तर हसले, "मॅडम, ते माझ्या विषयात नाही." ते माझ्याही विषयात नाही.

तुमचे आजोबा नेकनूरच्या लग्नाला आले, पहिल्या पंगतीला सगळ्यांमध्ये बसले. उजव्या हाताने वरणभात कालवला. घास तोंडाशी नेईपर्यंत अर्धा भात धोतरावर सांडला. वाढणारा तरुण चमचा घेऊन धावला.

"चमचा कुणाला रे?" आजोबा खणखणीत आवाजात म्हणाले. "जा, तूप आण!"

सगळी पंगत हसली. नवरीही. मी समोर बायकांमध्ये बसले होते. शेजारच्या अनोळखी बाईंनी विचारलं, "ते तूप मागायलेत, ते कोण हायत वो?"

"आमचे हे," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं.