चाळीसगावला ठेवलेलं प्रस्थान

आमच्या नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, प्रवास करणाऱ्या माणसाला काही विचारायची सवय नव्हती. त्याचं कारण केळी. नानांनी, जीवराम चौधरींनी, रेल्वेच्या मालधक्क्यावर तीस वर्षं केळीच्या वॅगनी मार्गी लावल्या. सावदा, निंभोरा, रावेर इथून निघालेला घड दिल्लीला पिकायच्या आत पोचला पाहिजे, मग कुठे गाडी अडली की वॅगन दुसऱ्या मार्गाने वळवायची. केळी काही बोलत नाहीत. पेन्शनीत आल्यावर गावातली माणसं प्रवासाचा सल्ला घ्यायला यायची, तेव्हा नाना त्यांनाही वॅगनीसारखंच पाठवायचे. मी त्यांची मुलगी, भुसावळला शाळेत शिकवत होते. मला त्यांचा फार अभिमान होता आणि तेवढाच रागही यायचा.

१९५५ सालच्या उन्हाळ्यात सुगंधाकाकू आमच्या ओट्यावर येऊन बसली. ती नानांच्या चुलतभावाची बायको. विधवा, केळीचा मळा एकटीने सांभाळणारी. तिचा एकुलता निंबा दोन वर्षांपूर्वी विलायतेला कापडगिरणीच्या यंत्रांचं काम शिकायला गेला होता. आता त्याच्या मित्राचं पत्र आलं होतं. निंबा छातीच्या आजाराने तिकडच्या दवाखान्यात होता, महिने लागतील की वर्ष, डॉक्टर काही सांगत नव्हते, आणि तापात तो आईला हाका मारत होता.

नानांनी लगेच कागद पुढे ओढला. त्यांचा कल बोटीकडे होता. बोटीत सामान हवं तेवढं नेता येतं, बरोबर कोणी ना कोणी मराठी माणूस भेटतं, आणि मुंबई ते लंडन सगळे टप्पे वेळापत्रकात छापलेले असतात. एडन, सुएझ, मार्सेय असं ते कागदावर बोट फिरवत सांगत होते. काकूने फक्त दिवस किती ते विचारलं. नाना म्हणाले, सतरा-अठरा.

"तेवढे दिवस तो थांबीन का, नाना?"

नानांनी बोटीचा कागद घडी घालून ठेवला. विमान ठरलं. गाव हबकलं. बाईमाणूस, तेही नऊवारीतलं, आभाळातून विलायतेला जाणार! पुढचे दोन महिने नानांनी काय नाही केलं! पासपोर्ट, देवीची लस, शनिवारच्या संध्याकाळचं विमान. परतीची तारीख कोरी ठेवलेलं तिकीट त्यांनी मागून घेतलं, कारण निंबा कधी उठून बसेल ते कोणाला ठाऊक! उतरल्यावर बस कुठली, मग रेल्वे कुठली, दवाखान्याचं स्टेशन कुठलं, हे सगळं निंबाच्या मित्राला पत्रं लिहून विचारलं आणि इंग्रजीत सहा चिठ्ठ्या केल्या. काकूने ओळीने एकेक चिठ्ठी लोकांना दाखवायची. मी ते बघून थक्क झाले होते.

एक मात्र नानांना कळलंच नाही. शनिवारच्या विमानासाठी घरून शुक्रवारी निघायला हवं होतं, आणि शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल, म्हणजे त्या दिशेला निघणं अशुभ. अशा वेळी आमच्याकडे प्रस्थान ठेवतात. चांगल्या दिवशी प्रवासातली एखादी वस्तू, तांदूळ-सुपारीसकट, जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे माणूस त्या दिवशीच निघाला असं धरतात. मग जाताना ती वस्तू वाटेत उचलायची. भटजींनी काकूला सांगितलं की जिच्यावाचून प्रवास होणार नाही अशीच वस्तू ठेवा. काकूची बहीण तानुबाई चाळीसगावला दिलेली. मुंबईची गाडी तिथूनच जाते. काकूने बुधवारी शेजारच्या तोतारामबरोबर गाठोडं तानुबाईकडे पाठवलं आणि शुक्रवारी दुपारी ते फलाटावर आणून द्यायचा निरोप दिला. प्रस्थानाची वाच्यता करायची नसते, म्हणून ती कोणाला काही बोलली नाही. निघणाऱ्याला कुठे, कसं असं हटकायचं नसतं, म्हणून नानांनीही फक्त सगळं घेतलं ना, एवढंच विचारलं. ती हो म्हणाली.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं भुसावळला पोचलो. नाना आणि मी मुंबईपर्यंत सोबत जाणार होतो. तिथे कळलं की खंडव्याकडे मालगाडीचे डबे घसरलेत, मुंबईची गाडी किती तास उशिरा येईल ते सांगता येत नाही. दुसऱ्या फलाटावर सुरतेची गाडी उभी होती. नानांच्या अंगात तीस वर्षांची सवय उसळली. वॅगन वळवली! सुरतेहून रात्रीची गाडी धरून सकाळी मुंबई, वाटेत घाट नाही की बोगदे नाहीत, असं म्हणत त्यांनी ट्रंक उचलायला लावली. मलाही ते फार हुशारीचं वाटलं, आणि मुंबईची कुठलीही गाडी चाळीसगाववरूनच जाते असं काकू धरून चालली होती.

धरणगाव मागे पडलं तेव्हा काकू खिडकीतून वाकून बघायला लागली. मग माझ्याकडे वळली.

"चाळीसगाव कव्हा येईन व, कुंदा? तानू टेसनावर उभी असीन."

नाना हसून म्हणाले, "वहिनी, ही गाडी चाळीसगावला जात नाही. आपण सुरतेकडून चाललोय."

काकूच्या तोंडचं पाणीच पळालं. मी खांदा धरून हलवलं तेव्हा ती म्हणाली, "माझं परस्थान तिच्यापाशी हाय. त्याच्यात पासपोट हाय."

मला नानांकडे बघवेना. त्यांनी वेळापत्रक काढलं, पण पानं पुढेमागे उलटूनही हवं ते पान सापडेना. ज्या माणसाला अख्खं वेळापत्रक तोंडपाठ, तो धुळ्याचं पान शोधत होता! शेवटी मी ते पुस्तक काढून घेतलं. अमळनेरला आम्ही अक्षरशः उड्या टाकल्या.

अमळनेरहून धुळ्याला बस. बस भरलेली, कंडक्टर घेईना. नाना त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले. मालधक्क्यावर ज्यांच्यापुढे व्यापारी हात जोडायचे ते माझे नाना! आम्ही टायरवर, टोपल्यांवर बसून धुळ्याला पोचलो. धुळ्याहून चाळीसगावला जाणारी छोटी गाडी सुटायला आली होती, टांग्यातून उतरून पळत ती गाठली. त्या अडीच तासांत मी मनात हिशेब करत होते. तानुबाई वाट बघून कधीच घरी गेली असणार, आणि तिचं घर स्टेशनापासून तीन कोस आत मळ्यात. तिथून परत येईस्तोवर मुंबईची रात्रीची गाडीही गेली असती. पुढचं विमान बुधवारचं.

दिवेलागणीला आम्ही उतरलो. फलाटाच्या टोकाला, कडुलिंबाखाली, तानुबाई बसलेली होती. मांडीवर गाठोडं. दुपारपासून ती तिथेच होती. नवरा बोलवायला येऊन चिडून परत गेला होता. मी रडतच विचारलं की मावशी, तू घरी कशी गेली नाहीस? ती आपली चाळीसगावकडच्या बोलीत म्हणाली, "परस्थान शे हाई. मांगे घर कसं लई जाऊ?"

एकदा हललेलं प्रस्थान माघारी नेत नाहीत. ज्या खुळामुळे आम्ही बुडणार होतो त्याच खुळाने तिला तिथे बसवून ठेवलं होतं. मला हसावं की रडावं कळेना.

तोवर खंडव्याकडचे रूळ मोकळे झाले होते; रात्रीची गाडी मिळाली, मुंबई आली, शनिवारी संध्याकाळी काकू विमानात चढली. सहा चिठ्ठ्या तिने पदराच्या गाठीत बांधल्या होत्या. एका चिठ्ठीवरून दुसऱ्या चिठ्ठीवर जात ती न चुकता दवाखान्यात पोचली.

दहा-बारा दिवसांनी निंबाच्या मित्राचं पत्र आलं. ते मीच नानांना वाचून दाखवलं. आई रविवारी रात्री पोचली. निंबा मंगळवारी पहाटे गेला.

नाना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग पुढच्या विमानाच्या, बुधवारच्या चौकटीवर त्यांनी बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून उभे राहिले. मी पत्राची घडी केली, चूल पेटवली, भात टाकला, तरी त्यांचं बोट तिथेच होतं.

काकू दीड महिन्याने परतली. निंबाचं तिकडचं क्रियाकर्म सगळं तिनेच केलं होतं. नाना तिच्यासमोर जायला तयार नव्हते. मी हाताला धरून नेलं. मग काकूच बोलली.

"त्यानं डोये उघडले, नाना. म्हने, माय, तू एवढ्या लांब कशी आली? मी सांगतलं, नानानं आनलं मले. मंग म्हने, नाना हायेत म्हनजे तू येशीनच, हे माहीत होतं मले."

नाना तिथेच खाली बसले आणि मोठ्याने रडायला लागले. मी त्यांना रडताना आधी कधी पाहिलं नव्हतं. काकू उठली आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली.