चंद्रीच्या पाठीला लाल औषध

कोंबडीच्या जखमेला लाल औषध लावू नये. हे मला आज माहीत आहे.

सत्तरच्या दशकात मी भिवंडीत एका पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होतो. जॉबर म्हणजे बंद पडलेला लूम चालू करणारा माणूस. रात्रभर बंद पडलेले लूम चालू करायचे आणि सकाळी आठला घरी येऊन परसातल्या खाटेवर स्वतः बंद पडायचं, असा माझा दिनक्रम. (त्यातला निदान दुसरा भाग तरी विनाव्यत्यय पार पडावा, एवढंच माझं आयुष्याकडे मागणं होतं.)

अशात सासूबाईंनी त्यांच्या शेलार गावाहून सहा कोंबड्या पाठवल्या. सोबत निरोप : "बाकीच्या कशाबी राहतील, माझ्या चंद्रीला तेवढी जपा." चंद्री म्हणजे त्यांची लाडकी. पांढरीशुभ्र, गुबगुबीत, आणि स्वभावाने इतकी गरीब की दाणे टाकले तर इतर पाच जणींचं खाऊन होईपर्यंत लांब उभी राहायची.

लूमचे सुटे भाग ज्यातून येत तसा एक लाकडी खोका मी परसात आडवा टाकला, पुढे जाळी ठोकली आणि सहाही जणींना आत कोंबलं. (कोंबणे हा शब्द मुळात कोंबडीवरूनच आला असावा.)

"अहो, फार लहान नाही का होत खुराडं?" बायको, शालू, म्हणाली.

"आपली खोली मोठी आहे?"

आमच्या संसारात मी जिंकलेला हा एकमेव वाद, आणि तोही चुकीचा!

पंधरा दिवसांत चंद्रीच्या पाठीवरची पिसं नाहीशी झाली. शालूने मला उठवून दाखवलं. "पिसं झडतात. निसर्ग आहे," असं सांगून मी पुन्हा आडवा झालो. निसर्गावर ढकललं की झोपता येतं.

पण एका सकाळी, मी नुकताच डोळे मिटलेले, आणि खुराड्याकडून शालूची किंकाळी : "अहो, उठा! चंद्रीला बाकीच्या खातायत!"

बघतो तर खरंच! चंद्री कोपऱ्यात मान घालून उभी, पाठीवर रुपयाएवढी जखम, रक्त आलेलं, आणि बाकीच्या पाच जणी आळीपाळीने येऊन टोचून जात होत्या. अगदी रांगेत, शिस्तीत. मला खरोखर वाईट वाटलं. ती ओरडतसुद्धा नव्हती.

मी तिला बाहेर काढलं. घरात लाल औषधाची बाटली होती. पोरांचे गुडघे त्याच औषधाने बरे व्हायचे. मी सढळ हाताने लावलं आणि चंद्रीला परत आत सोडून झोपलो.

दहाच मिनिटांत पुन्हा किंकाळी. आता पाचही जणी रांग मोडून एकदमच तुटून पडल्या होत्या! मी अर्धवट झोपेत विचार केला आणि निष्कर्ष काढला, की औषध कमी पडलं. म्हणून दुसरा हात दिला. या वेळी मानेपर्यंत.

पुढचं सांगवत नाही. शेजारच्या जुबेदाखाला गलका ऐकून भिंतीवरून डोकावल्या नसत्या, तर चंद्रीची कथा तिथेच संपली असती.

"या अल्ला! अरे विलास, लाल लावलास?"

"औषध आहे, खाला."

"तुझ्यासाठी औषध. त्यांना वाटतं रक्त आहे! लाल दिसलं की मुर्गी टोचणारच. तू तर जेवणाचं दस्तरखान बिछाके दिया उनके लिए! काढ तिला बाहेर. मिठाच्या पाण्याने धू, नि ते जांभळं औषध मिळतं ना, तोंड आल्यावर लावतात ते, ते लाव. लाल रंग दिसला नाही की कुणी टोचत नाही."

मी डोळे चोळत दवाखान्यात गेलो. कंपाउंडरने विचारलं, "तोंड कुणाचं आलंय?" मी म्हटलं, "कोंबडीची पाठ आलीय." त्याने बाटली काढून दिली.

शालूने चंद्रीला धरलं, मी मिठाच्या पाण्याने जखम धुतली. इथवर सगळं शास्त्रशुद्ध. मग मी बाटलीचं बूच दातांनी उपटलं, आणि नेमक्या त्याच क्षणी, सकाळपासून गप्प असलेल्या त्या गरीब चंद्रीला आपल्याला पंख असल्याची आठवण झाली! एका फडफडाटात बाटली माझ्या तोंडावर, तिथून बनियनवर, तिथून दोरीवरच्या चादरीवर. "हाताने लावा, हाताने!" शालू ओरडली. मी दोन्ही हातांनी जमिनीवरचं औषध गोळा करून कोंबडीला फासायला लागलो.

"जावयबापू, तुमाला काय झालंय ह्ये?"

दारात सासूबाई! त्या रविवारी येणार होत्या. रात्रपाळीच्या माणसाला वार कळत नाहीत. आज रविवार होता.

"काही नाही. चंद्रीला जखम झाली."

"चंद्रीला ना? मंग औषध तुमी का लावलंय?"

त्यांनी चंद्रीला हातात घेतलं, पिसं सारून जखम पाहिली, मग खोका पाहिला, आणि मग मला.

"सा कोंबड्या न एवढासा खोका! फिराया जागा न्हाय, उकराया माती न्हाय. मंग एकमेकींना टोचनार न्हाय तर काय करतील? शालू, तुला दिसलं न्हाय?"

"मी म्हटलं होतं," शालू म्हणाली. (बायकोशी वाद जिंकला की तो कधीतरी व्याजासकट परत येतो.)

तासाभरात सासूबाईंनी खोक्याची जाळी उपटली, अख्खं परस कोंबड्यांना मोकळं केलं आणि चोचींना उद्योग म्हणून मुळ्याच्या पाल्याची जुडी दोरीने टांगली. चंद्रीला परसातच वेगळ्या, बांबूच्या जाळीदार डालग्याखाली ठेवलं. "एकमेकींना दिसू द्या, न्हायतर परत सोडल्यावर वळखनार न्हाईत." आता परसात जागा व्हावी म्हणून मी दिवसा झोपायचो ती खाट उचलली गेली.

संध्याकाळी ड्युटीवर गेलो. जांभळे हात आणि जांभळं नाक पाहून मुकादम म्हणाला, "काय विलास, शाई बोटाला लावतात. तू एकट्याने सगळ्या वॉर्डाचं मतदान केलंस काय?"

जखम सुकली, दोन महिन्यांत पिसंही आली आणि चंद्री पुन्हा पांढरीशुभ्र झाली. पाचही जणींत ती अशी मिसळून गेली, की मधे काही घडलं होतं हे कुणाला खरं वाटू नये. फक्त मी परसात पाऊल टाकलं की ती किंचाळत सुटायची आणि धावत जाऊन लपायची, ती थेट त्या पाच जणींच्या मागे! आणि त्या पाच जणी, जिला त्यांनी सोलून काढलं होतं तिला पाठीशी घालून, माझ्याकडे अशा काही नजरेने बघायच्या, की या घरातला धोकादायक प्राणी कोण याबद्दल माझीही खात्री पटायची.