धाडजवळच्या गावाला उलटे सात फेरे

मिरजेहून निघताना आमच्या चर्चच्या मंडळीनं आम्हा दोघांवर हात ठेवून प्रार्थना केली आणि पाळकबाईंनी वाटेसाठी चिवडा दिला. चिवडा पुण्यापर्यंत पुरला. प्रार्थनेचं पुढं सांगतो.

मी सातवीत शाळा सोडली. पत्र्याच्या पेट्या करणाऱ्या दुकानात कामाला आहे. मिशनच्या कामाला मला कुणी पाठवेल असं वाटलं नव्हतं. खरं तर पाठवणार दुसऱ्यालाच होते, पण त्याच्या मेव्हणीचं लग्न निघालं. तरी मी आभारी आहे. सांगली जिल्ह्याबाहेर मी त्याआधी एकदाच गेलो होतो, तेही चुकीच्या गाडीत झोप लागली म्हणून.

माझ्याबरोबर बेंजामिनदादा होते. त्यांनी आत्मिक युद्धाचं आठ दिवसांचं शिबिर केलेलं. त्यांच्याकडे एक वही असते. प्रत्येक गावावर कुठली ना कुठली अंधाराची सत्ता बसलेली असते, ती आधी प्रार्थनेनं मोडायची, मगच माणसांशी बोलायचं, असं वहीत लिहिलंय. मी विचारलं, "सत्ता बसलीय हे कळतं कसं?" दादा म्हणाले, "कळतं." मी पुढं विचारलं नाही. जालना गेलं, भोकरदन गेलं, मी एसटीच्या खिडकीतून गावं मोजत राहिलो.

धाडला उतरलो तेव्हा बाजार भरलेला होता. वांगी, मिरच्या, गुळाच्या भेल्या, जीपवाल्यांची आरडाओरड. वहीप्रमाणं तेल लागणार होतं. पवित्र शास्त्रात जैतुनाचं (ऑलिव्हचं) आहे. दुकानदार म्हणाला, "ते नाई भेटत अठी. शेंगदान्याचं हाय, सरकीचं हाय. कायले पाह्यजे, भाजीले का डोक्शाले?" दादांनी पाव लिटर शेंगदाण्याचं घेतलं. कशाला पाहिजे ते सांगितलं नाही.

तिथून जीपनं पुढच्या गावी. गावाचं नाव लिहीत नाही. त्या लोकांना आमच्यामुळं पुष्कळ झालं. दोन्ही बाजूंना कपाशी, मधूनमधून तुरी, माती काळी, आकाश फार मोठं. जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती. उतरताना तिच्या मालकिणीनं माझे आभार मानले.

गावात विश्वासी (म्हणजे ख्रिस्ती) असं एकच घर, रुतमायचं. वय साठीच्या आसपास, नवरा वारलेला, मुलगा नाशिककडे. ती लग्न होऊन इथं आली त्याला चाळीस वर्षं झाली. शेजारच्या कमलबाईच्या टोळीत कापूस वेचायला जाते. तिनं आम्हाला रोडगे (गव्हाच्या कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले) आणि वांग्याची भाजी वाढली. भाजीनं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. रुतमाय म्हणाली, "आत्म्यानं रडून राह्यला का मिरचीनं?" मी म्हटलं, मिरचीनं. "मंग ठीक हाय," म्हणाली आणि अजून वाढली.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना आम्ही निघालो. रुतमायला दादांनी 'जरा फिरून येतो' एवढंच सांगितलं. ती म्हणाली, काठी घ्या, कुत्रे हायेत. बायबलात इस्राएली लोक यरीहो शहराच्या तटाभोवती फिरले आणि तट कोसळला, तसे गावाभोवती सात फेरे घालायचे, तोंडातून शब्द काढायचा नाही, मनात प्रार्थना करायची. पहिल्या फेऱ्यात चार कोपऱ्यांवर तेल ओतायचं. तेल माझ्याकडे होतं.

गाव लहान, फेऱ्याला पाव तास. चौथ्या कोपऱ्यावर शेंदूर लावलेला एक दगड होता. त्याच्या शेजारी तेल ओतताना माझ्या हातावर काटा आला. थंडीनं आला की कशानं, ते मला आजही सांगता येत नाही, आणि कुणी सांगितलं तरी पटेल असं नाही. हळूहळू उजाडलं. डबा घेऊन रानात निघालेली माणसं थांबून आमच्याकडे बघायची. दोघी बाया हंडे घेऊन चालल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कोन हा भाऊ?" आम्ही बोललो नाही. बोलायचं नव्हतं.

त्याच दुपारी कमलबाईच्या दोन वर्षांच्या मुलाला ताप भरला.

पुढच्या सकाळी बायका वेचणीला गेल्या आणि रुतमायला कुणी हाक मारली नाही. ती ओटी बांधून (वेचलेला कापूस ठेवायला कमरेला बांधतात ते कापड) दारात उभी होती. बायका समोरून गेल्या. टोळीतली शेवटची बाई वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा तिनं ओटी सोडली आणि घडी घातली.

"तुमी कोपऱ्याकोपऱ्याले तेल सांडलं?" तिनं विचारलं.

दादा म्हणाले, "अभिषेक केला."

"कोनाले इचारून?"

दादांनी वही उघडली आणि परत मिटली.

थोड्या वेळानं कडूबा आले. गावातलं सगळ्यांत जुनं माणूस, मोडक्या दांडीचा चष्मा दोऱ्यानं बांधलेला. ते आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर बसले आणि मला समजावून सांगितलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"हे पाह्य बापू. आमच्या अठी रोगराई आली का गावाले फेरा घालतेत. पन आधी दवंडी देतेत, घरोघरचे पसाभर दाने घेतेत, मंग भगत पुढं अन् सारं गाव त्याच्या मांगं. जो चुपचाप फेरा घालते, तेल सांडते, इचारलं तं बोलत नाई, तो करणीवाला. आता तूच सांग, तू कोन?"

गावावर बसलेली सत्ता शोधायला आम्ही मिरजेहून आलो होतो. गावाला ती सापडली होती. तिच्या हातात शेंगदाण्याचं तेल होतं. मी म्हटलं, "आम्ही करणीवाले नाही हो."

"मले मालूम हाय बे. करणीवाल्याचे असे पाय लटलट कापत नसतेत. पन कमलले कोन सांगीन?" मग त्यांनी तोडगा सांगितला. ज्यानं फेरे घातले त्यानं तेवढेच उलटे घालायचे, लोकांसमक्ष, आणि मनात जे म्हटलं होतं ते तोंडानं मोठ्यानं म्हणायचं.

ते गेल्यावर दादा म्हणाले, "हा सापळा आहे. उलटे फिरलो तर आपली प्रार्थना म्हणजे जादूटोणा होता असं कबूल केल्यासारखं होईल. मोडलेली सत्ता पुन्हा उभी राहील. दुपारची गाडी आहे."

दादा वाईट माणूस नाहीत. प्रवासात त्यांनी मला खिडकीची जागा दिली होती. आणि त्यांचं म्हणणं चूक आहे असं मला सांगता येत नव्हतं. उलटं फिरून माझ्या हातून प्रभूचा अपमान झाला तर? मी रुतमायकडे गेलो. ती चुलीतली राख काढत होती. विचारलं, "काय करू?"

"मी नाई सांगत तुले," ती म्हणाली. "तुमी आज जासान. मले अठीच राहाचं हाय, अन् कमलच्याच टोळीत जाचं हाय. ते म्हनत असन का मी लेकरावर करणी केली, तं मी कोनाच्या शेतात जाऊ? पन तुह्या देवाशी तूच बोल."

मी बोललो. उत्तर काही आलं नाही. मग चपला घातल्या.

दादा ओट्यावर पिशवी घेऊन बसले. माझ्यामागं कडूबा, आठ-दहा माणसं, आणि जरा अंतर ठेवून कमलबाई, मुलाला खांद्यावर टाकून. तिला मी तेव्हा प्रथम पाहिलं. माझ्यापेक्षा लहानच असेल. हातात औषधाची बाटली होती. सकाळीच धाडच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती.

खोटं बोलायचं नव्हतं, आणि फेरे उलटे होते, म्हणून मी शेवटच्या फेऱ्यापासून मागं मागं आठवत निघालो.

"सातव्यात काय म्हनला?" कडूबा.

"चहा मिळू दे म्हणालो."

"सहाव्यात?"

"सहाव्यातपण चहाच."

"पाचव्यात?"

"पायात गोखरू गेला होता. तो निघू दे म्हणून. चौथ्या आणि तिसऱ्या फेऱ्यात, कुत्रं चावू नये म्हणून."

मागून कुणीतरी हसलं. "येवढ्यासाठी मिरजेहून आला का बे? हे तं आमी घरी बसून मांगतो." कडूबांनी त्याला गप्प केलं, फेरा म्हणजे फेरा. दुसरा फेरा मला आठवेना. तसं सांगितलं आणि गप्प चाललो.

मग पहिला राहिला. शेंदराच्या दगडापाशी मी थांबलो. माणसंही थांबली.

"पहिल्यांदा म्हणालो, या गावावर जी सत्ता बसलीय ती मोडून पडू दे."

आता कुणी हसलं नाही. कमलबाई पुढं आली. "अन् माह्यं लेकरू? त्याचं काय म्हनला तू?"

"काही नाही ताई. तुमचं लेकरू आहे हे मला माहीतच नव्हतं."

ते ऐकून मलाच कसंतरी झालं. दोन तास मी त्या गावाभोवती फिरलो होतो, आणि त्यात राहणाऱ्या एकाही माणसाचं नाव माझ्या प्रार्थनेत नव्हतं. चहाचं होतं.

"आता मालूम हाय ना?" ती म्हणाली. "मंग आता म्हन. मोठ्यानं म्हन, मले ऐकू आलं पाह्यजे."

नाव विचारलं. आदित्य. मी तिथंच उभ्यानं आदित्यचा ताप उतरू दे म्हणून प्रार्थना केली, डॉक्टरांसाठी केली, आणि भीती घातल्याबद्दल कमलबाईंची माफी मागितली, तीही प्रार्थनेतच, कारण डोळे मिटलेले असताना ते सोपं गेलं. आमेन म्हटलं. रुतमाय कधी मागं येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तीही आमेन म्हणाली. कडूबा म्हणाले, "झालं. चाला."

दुपारची गाडी आम्ही पकडली. भोकरदनला गाडी थांबली. दादा म्हणाले, "मला पण सहाव्या फेऱ्यात चहाच आठवत होता."

तिसऱ्या दिवशी रुतमायचा फोन आला. आदित्य खेळायला लागला होता. गाव म्हणतं, उलट्या फेऱ्यांनी. कमलबाई म्हणते, औषधानं. मंडळीत दादांनी साक्ष दिली (प्रभूनं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं असतं) की आधीच्या फेऱ्यांनी अंधाराचा गड हलला. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो की रुतमाय परत वेचणीला जाते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती साक्ष आहे हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

गावांवर सत्ता बसलेल्या असतात का, ते मला कळत नाही. नाहीत असं छातीठोक म्हणायला मी कोण, सातवी शिकलेला. आणि हातावर काटा तर आलाच होता. परवा मंडळीनं प्रार्थनेसाठी नव्या गावांच्या चिठ्ठ्या वाटल्या. मला मोताळ्याकडचं एक गाव आलं. मी चिठ्ठी घेऊन बाहेर आलो आणि रुतमायला फोन लावला. त्या गावात ओळखीचं कुणी आहे का, विचारलं.

"हाव, माही मावसबहीन हाय ना. शांता. गुडघे दुखतेत तिचे. काऊन?"

म्हटलं, काही नाही, आणि शांताबाईंच्या गुडघ्यांपासून सुरुवात केली.