दामू गवत कोणी आणलं?

रानटी झाडांची गावठी नावं पुस्तकासाठी गोळा करायला निघालं की नावं कमी आणि किस्सेच जास्त हाती लागतात. मी आणि पाटील मॅडम अमळनेरला बॉटनी शिकवतो. रविवार आला की कुठल्या ना कुठल्या खेड्यात. आणि कुठंही गेलं तरी आधी संशय आमच्यावरच!

धुळ्याकडच्या एका अक्कांना बांधावरच्या फुलाचं नाव विचारलं, तर म्हणाल्या, "आज नाव सांगू, उद्या तुम्ही तिथंच टॉवर उभा कराल." चहा दिला, नाव काही दिलं नाही.

*

धरणगावजवळच्या एका गावात कपाशीत काटेरी तण दिसलं. सगळे त्याला 'दामू गवत' म्हणत. का? टपरीवाला म्हणाला, "दामूनानांनी बाहेरून बियाणं आणलं, त्यातून आलं."

"तुम्ही पाहिलं?"

"नाही. पण दुसरं कोण आणणार?"

*

दामूनाना ओट्यावरच बसले होते. ऐंशीच्या पुढचे. पहिलाच प्रश्न, "तू कोना माणूस शे?" म्हणजे, कोणाच्या बाजूचा? मग मॅडमचं माहेर विचारलं. धरणगाव म्हटल्यावर त्यांनी तोंडच फिरवलं. ज्यांच्याशी त्यांचं जुनं वाकडं, त्या शेजारच्या काशिनाथआबांची सासुरवाडी धरणगावची ना! मॅडमना गाडीत बसवून आलो, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.

"बठ्ठं गाव खोटं बोलस." बठ्ठं, म्हणजे अख्खं.

निंदणीच्या, म्हणजे तण काढायच्या दिवसांत नाना शेतात जातच नाहीत. काटा बोचला की बाया त्यांच्या नावानं शिव्या घालतात, त्या ऐकवत नाहीत. "मी मराना पहिले मनं नाव काढी टाका," म्हणाले. मला खरंच वाईट वाटलं.

*

मॅडमना घेऊन शेजारी काशिनाथआबांकडे गेलो, तर ते हसतच म्हणाले, "ते गवत? सासऱ्यांनी बैलांसाठी कडबा दिला होता, त्यातून आलं. आधी माझ्याच वावरात उगवलं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"विचारलं कोणी? आता गावासमोर सांगतो की."

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "इतक्या सहज कबूल केलं. सर, यात काहीतरी आहे."

*

मी मात्र खुशीत नानांकडे परतलो. म्हटलं, "नाना, सुटलात. आबा गावासमोर सांगायला तयार आहेत. आमच्या पुस्तकात आम्ही 'काशिनाथ गवत' असंच छापतो."

नानांनी शेजारच्या दाराकडे एक नजर टाकली. मग माझा हात धरून हळूच म्हणाले,

"इतला वरीस शिव्या मी खाद्यात, आनि नाव आते त्यानं? खरं सांग, त्यानी तुले केळीना घड धाडा का?"